दोरी पोचेल तिथवर

माझा भाऊ बुडाला तो सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत. मे संपत आला होता. मासेमारीची बंदी लागायच्या आधीची शेवटची खेप म्हणून आमची लहान होडी गेली होती, दादा आणि त्याच्याबरोबर आळीतलेच दोघे. परत येताना डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्याच्यावर लाटा फुटतात आणि त्या दिवशी वाराही समुद्राकडून होता. होडी त्या दांड्यावर आडवी होऊन बसली. प्रत्येक लाट तिच्यावरून जाऊ लागली.

रविवार होता म्हणून मी घरी होते. बोंब ऐकून वहिनी आणि मी धावत गेलो. बाबा आमच्या आधी पोचले होते. दोराचं वेटोळं घेऊन ते छातीइतक्या पाण्यात उभे होते आणि दोर फेकत होते. दोर हवेत उलगडायचा, वारा त्याला मागे ढकलायचा, तो मध्येच पडायचा. बाबा ओढून घ्यायचे, पुन्हा वेटोळं करायचे, पुन्हा फेकायचे. दोघं-तिघं पोहत जायला निघाले, त्यांना लाटांनी परत आणून टाकलं. दुसरी होडी काढायला खाडीत पाणीच नव्हतं. होडीतल्या दोघांनी शेवटी उड्या घेतल्या, त्यांना प्रवाहाने पलीकडच्या काठाला नेलं, ते वाचले. दादाने उडी घेतली नाही. तो हात पसरून उभा होता, दोर झेलायला. त्याचा पाय जाळ्यात अडकला होता हे आम्हाला नंतर कळलं.

मग एक मोठी लाट आली आणि होडी उलटली. एवढंच. सांगायला याच्यापेक्षा जास्त काही नाही.

आई आधीच गेलेली होती. घरात राहिलो बाबा, वहिनी आणि मी. वहिनीच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, ती गेली नाही. "इथले बोंबील कोण सुकवील?" म्हणाली. जणू प्रश्न तेवढाच होता. ती पहाटे बंदरावर जाऊन मासळी आणायची, दिवसभर बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायची आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन जायची. दांड्यावरून ओढून आणलेली होडी बाबांनी देऊन टाकली. त्यानंतर ते पाण्यावर गेले नाहीत. घराच्या ओट्यावर बसायचे. जाळं शिवायला दिलं तर शिवायचे, बोलायला कोणी आलं तर मान हलवायचे.

मी वेवजीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. डहाणूहून जीप, पुढे रिक्षा, राहिलेलं पायी. माझ्या वर्गातली मुलं घरी वारली बोली बोलतात, बाजारात गुजराती आणि माझ्याशी मराठी. रागावली की तिन्ही. एका हिवाळ्यात मी त्यांना पाण्याचं रॉकेट करून दाखवायचं ठरवलं. कोल्ड्रिंकची मोठी बाटली घ्यायची, तिच्यात थोडं पाणी, बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि सोडायची. पाणी मागे उडतं, बाटली पुढे जाते. धड्यातला नियम मुलांना अंगावर पाणी उडवून कळतो.

बाटली जिच्यावरून सोडायची ती घोडी करायला मला पीव्हीसीचे पाईप हवे होते. ते लांबलचक पाईप जीपमध्ये एकटीने नेणं जमेना, म्हणून मी बाबांना म्हटलं, "चला ना माझ्याबरोबर एक दिवस." ते कसे कोण जाणे, हो म्हणाले.

शाळेमागे भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती. मुलं बांधावर ओळीने बसली. पहिली बाटली घोडीवरून निघाली ती सरळ वर जायची सोडून कोलांट्या खात बाभळीत जाऊन अडकली. मुलं पोट धरून हसली. दुसरीला मी मागे पुठ्ठ्याचे पंख चिकटवले, नाकात मातीचा गोळा भरला. ती मात्र सुंदर गेली. अशी गेली की पार शेताच्या टोकाला, दुसऱ्याच्या खळ्यात पडली.

बाबा बांधावर उकिडवे बसले होते. ते उठले, त्या खळ्यापर्यंत चालत गेले, बाटली उचलली आणि तेवढंच अंतर परत चालत आले. माझ्या हातात बाटली देताना म्हणाले, "बाय, हिला दोरी बांधली तर?"

मी बाटलीत उरलेलं पाणी ओतून टाकलं. तो प्रश्न कुठून आला ते मला समजलं होतं.

"नेईल का दोरी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बघायला लागेल," मी म्हटलं.

तिथून सुरू झालं. शनिवारी अर्धा दिवस शाळा असायची. बाबा दुपारी येऊन थांबायचे, मुलं घरी गेली की आम्ही दोघं खाचरात. जाड दोर बाटली नेणार नाही हे उघड होतं. पण बारीक दोरा जरी होडीपर्यंत गेला, तरी त्या दोऱ्याने पुढे जाड दोर ओढून घेता येतो. बाबांनी जाळं विणायचा नायलॉनचा दोरा आणला. पहिल्यांदा आम्ही तो बाटलीच्या बुडाशी बांधला, तर सुटताना पाण्याचा फवारा त्याच्यावरच बसला आणि झटक्याने दोरा तुटला. मग बाजूने बांधला. मग तुटू नये म्हणून दोरा आणि बाटलीच्या मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली, म्हणजे पहिला हिसका रबराने खाल्ला. रिळावरून दोरा सुटताना अडायचा; बाटली अर्ध्या वाटेत मान मोडल्यासारखी खाली यायची. शेवटी आम्ही रीळ टाकून दिलं आणि दोरा एका टबमध्ये नागमोडी रचला, होडीत जाळं रचतात तसा. एकावर एक, कुठेही पीळ नाही. ते काम बाबा करायचे. त्याला वेळ लागायचा. मी शेजारी बसून पंख कापायची. पुठ्ठा भिजून मऊ पडायचा म्हणून जुन्या फ्लेक्सच्या बोर्डाचे केले, कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे. मातीच्या गोळ्याऐवजी जाळ्याची शिशाची गोळी लावली. तर बाबा म्हणाले, "कुणाच्या कपाळात बसली म्हणजे?" म्हणून तिच्यावर कापलेला रबरी चेंडू बसवला.

एकदा बाटली भरता भरता फुटली. कानठळ्या बसल्या. पाण्याने आम्ही दोघं न्हालो आणि बाबांच्या मिशीवर प्लास्टिकचा तुकडा येऊन चिकटला. ते हसले. दादा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यानंतर मी पंपाला लांब नळी लावली आणि आम्ही जुन्या दरवाजाआड बसून हवा भरायला लागलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दादाचं नाव एकदाही घेतलं नाही. दोरा किती लांब गेला, कुठे अडला, पंख तीन बरे की चार, एवढंच बोलायचो. जीपमधून परत येताना ते खिडकीशी बसून बोटांनी मांडीवर दोरा रचल्यासारखं करत राहायचे. मला वाटायचं, चला, माणूस हातापायांनी तरी परत आला.

वहिनी काही विचारायची नाही. आम्ही ओले, चिखलाने भरलेले घरी यायचो, ती गरम पाणी काढून द्यायची. तिने एकदाही ती बाटली हातात घेऊन पाहिली नाही.

होळीच्या सुमाराला वारा पडलेला असतो. एका सकाळी बाबा म्हणाले, "आता खाडीवर." मी बरं म्हटलं. ओहोटी होती. दांडा उघडा पडायला लागला होता आणि पलीकडे पाणी आरशासारखं. ती जागा कुठली हे आमच्या आळीत कुणालाच दाखवावं लागत नाही. बाबा पाण्यात शिरले आणि ज्या जागी ते त्या दिवशी उभे होते तिथेच, आज मांडीइतक्या पाण्यात, घोडी रोवली. मी हवा भरली. सोडली.

बाटली गेली. टबमधून दोरा सरसरत उठत होता, संपतच नव्हता. ती दांड्याच्या वरून गेली आणि पलीकडे पाण्यात पडली. दोरा त्या जागेवर आडवा पडला, जिथे दादा उभा होता.

मी टाळी वाजवायला हात उचलले होते. मग बाबांकडे पाहिलं.

ते पाण्यातच बसले. पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आलं. मी धावत जाऊन त्यांना धरलं, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढंच होतं?" आणि मग, "एका बाटलीचं काम होतं, बाय?"

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात बोंबील उलटे करत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "पोचली?"

"पोचली," बाबा म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

वहिनीने हातातला बोंबील तसाच खाली ठेवला. "मी रोज देवाला सांगत होते ताई," ती मला म्हणाली, "की नको पोचू देऊस. काही केलं असतं तरी तो वाचला नसता, असं एवढ्या दिवसांत मी मनाला पटवलं होतं. त्याच आधारावर तर मी उठत होते सकाळी."

मी बाबांसाठी काहीतरी चांगलं करते आहे असं मला वाटत होतं. त्यांच्या हातांना काम मिळालं, बोलायला विषय मिळाला. त्या दिवशी मला कळलं की आम्ही सगळा हिवाळा कशाची उत्तरं शोधत होतो. बाबांना वाटत होतं, दोर पोचला नाही कारण आपले हात कमी पडले. आणि आता हात नव्हे, तर डोकं कमी पडलं, अशी त्यांची खात्री झाली. घरात पुन्हा तोच ओटा, तेच मान हलवणं. जेवण अर्धं ताटात.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तो दिवस आणि आमची चाचणी, यांच्यात सगळ्यात मोठा फरक वाऱ्याचा होता. मी ते त्यांना सांगितलं. "बाबा, पडलेल्या वाऱ्यात पोचणं वेगळं. त्या दिवशी वारा तोंडावर होता. तशा वाऱ्यात करून पाहिल्याशिवाय असं बसू नका."

त्यांनी ओट्यावरून खाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेमध्ये."

मे महिन्यात वारा नैऋत्येकडून उठतो. आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो. या वेळी वहिनीही आली, पदर डोक्यावर घट्ट धरून काठावर उभी राहिली. लाटा दांड्यावर फुटत होत्या. बाटली सुटली आणि थोडं अंतर जाताच तिने नाक खाली केलं, जणू कुणी मानेला धरून वाकवलं. दोरा दादाच्या जागेच्या खूप अलीकडे पडला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हवा जास्त भरली, पाणी कमी-जास्त केलं. तेच.

"नाही पोचत," मी ओरडून म्हटलं.

बाबांनी दोरा गोळा करायला सुरुवात केली, सावकाश, एका हातापुढे दुसरा हात टाकत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी सुख म्हणणार नाही. पण कपाळ सैल झालं होतं. वाटेत त्यांनी आळीतल्या एकाला हाक मारून त्याच्या होडीची चौकशी केली. घरी वहिनीने सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी केली, आणि बाबांनी मागून घेतलं. वहिनीने त्या संध्याकाळी केस विंचरून आळीत जाऊन गप्पा मारल्या. आमच्या घरातला तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता, आणि तो आमचं रॉकेट पडलं म्हणून आला होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं का, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण मी रोज मुलांना शिकवते की प्रयोग फसला तर का फसला ते विचारा. ते मी स्वतःला विचारल्याशिवाय कशी राहणार होते?

बाटलीने नाक खाली का घातलं? वारा मोठ्या पंखांना धरत होता. मागचे पंख जितके मोठे, तितकं रॉकेट वाऱ्याकडे तोंड फिरवतं, छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा फिरतो तसं. आणि पंख तर सरळ जाण्यासाठी लावले होते. शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी वर्गाच्या खिडकीतून मला विजेच्या तारेवर संक्रांतीचा फाटका पतंग लोंबताना दिसला, लांब शेपटीचा. कागद केव्हाच गेला होता, नुसत्या काड्या उरल्या होत्या, पण शेपटी त्यांना वाऱ्यात स्थिर धरून होती. तेव्हा लक्षात आलं. आमच्या बाटलीला दोऱ्याची एवढी लांब शेपटी होतीच. तिला मोठे पंख हवेच कशाला?

मी पंख कापून बोटाएवढे केले. घोडीचा कोन थोडा उभा केला. उघडीप मिळाली तशी शाळेमागे गेले. खाचरात पाणी होतं, बांधावरून सोडलं. तोंडावर चांगला वारा होता. बाटली त्यातून सुईसारखी गेली.

मी बांधावर एकटी उभी होते आणि मला रडू येत होतं. आनंद नव्हता तो. घरी जाऊन हे सांगायचं आहे एवढंच मनात होतं. न सांगण्याचा विचार केला का? केला. पण नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. आठवड्याभरात आळीतल्या सगळ्या होड्या त्याच दांड्यावरून जाणार होत्या, आणि प्रत्येक होडीत कुणाचा ना कुणाचा दादा असणार होता.

मी दोघांना एकत्र बसवलं आणि सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "वाऱ्यातसुद्धा?"

"हो."

"मग तू मे महिन्यात का म्हणालीस नाही पोचत म्हणून?"

"तेव्हा नव्हती पोचत, वहिनी. ही नवी आहे. दादाच्या वेळी यातली कुठलीच नव्हती. कुणाकडेच नव्हती. बाबांकडे दोर होता, तो त्यांनी फेकला."

"ते कळतं गं मला," ती म्हणाली. "कळून काय होतं?"

बाबा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. पाऊस लागला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. "बाय, मला दाखव पंख केवढे केलेस." मी बाटली आणून दिली. त्यांनी अंगठ्याने तो छोटा पंख चाचपला. "आळीसाठी कर," म्हणाले. "मी दोरा रचून देतो. पण खाडीवर मी येणार नाही. मला पुन्हा बघायचं नाही ते."

तसंच झालं. खाडीवर मी आळीतल्या पोक्त माणसांना घेऊन गेले, वाऱ्यात सोडून दाखवलं, दोरा पोचला. लोकांनी कौतुक केलं. एकाने मोबाईलवर चित्रण केलं. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले; दादा गेला त्या दिवशी तेही किनाऱ्यावर होते. बंदरावरच्या शेडमध्ये आता एक घोडी, पंप आणि दोरा रचलेला टब ठेवलेला असतो. बाटल्या मी दर मोसमाला बदलते, कारण उन्हाने प्लास्टिक कडक होऊन तडकतं. आजवर तिची गरज पडलेली नाही. पडू नये असंच सगळे म्हणतात, मीही म्हणते. बाबा टबमध्ये दोरा रचून देतात, झाकण लावतात आणि मला म्हणतात, "ने." ते स्वतः अजून ओट्यावरच असतात. आता जेवतात, बोलतातही. पण होळीच्या त्या सकाळनंतर त्यांची एक नजर जी आत वळली ती परत बाहेर आली नाही.

वहिनीने दिवाळीनंतर घर सोडलं. भांडून नाही. बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "इथून ती जागा दिसते." बाबा म्हणाले, "जा पोरी. मीच सांगणार होतो." आशागडच्या बाजूला तिने खोली घेतली आहे, चिकूच्या वाडीत काम करते. फळं उतरवायची, धुवायची, सुकवायची, खोक्यात भरायची. तिथून समुद्र दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही.

मी अधूनमधून रविवारी जाते. मागच्या वेळी गेले तर ती नुकतीच कामावरून आली होती, हातांना चिकूचा चीक लागून बोटं काळी पडलेली. तिने चहा टाकला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो: वाडीतला मुकादम, माझी शाळा, तिच्या खोलीचं गळणारं छप्पर. मी विचारलं, "मासळी आणू का पुढच्या वेळी?"

"नको," ती म्हणाली. "इथे मी डाळ शिकले. बरी लागते." मग थांबून म्हणाली, "बाबांना विचारलंय म्हणून सांग. खोकला कमी आहे का?"

"आहे."

"गरम पाणी देत जा सकाळी. मागत नाहीत ते, आपणच द्यायचं."

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा यायला वेळ होता. वाडीतून कुणी तिला हाक मारली, खोकी उचलायची होती, आणि ती पदर खोचत, येते गं म्हणत, परत आत गेली.